विहीणबाईंचा मूळपुरुष

"तुम्ही हिशेबाची माणसं. तुम्हाला जुने कागद वाचता येतील," असं म्हणत विहीणबाईंनी बुटांचं एक खोकं माझ्यापुढे सरकवलं. थँक्सगिव्हिंगचं जेवण आटोपलं होतं, पुरुषमंडळी टीव्हीपुढे फुटबॉल बघत पेंगत होती आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात टर्कीची हाडं सूपसाठी वेगळी काढत होतो. मी तीस वर्षं एका विमा कंपनीत हिशेब तपासले. त्याचा उपयोग निवृत्तीनंतर तीनशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच माणसाचे हिशेब तपासायला होईल, असं काही मला वाटलं नव्हतं.

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. मूळच्या न्यूयॉर्क राज्यातल्या, शाळेत मास्तरीण होत्या. खोक्यात त्यांच्या वडिलांच्या सुबक अक्षरातला एक कागद होता. त्यात लिहिलं होतं की, आपला मूळपुरुष फ्रान्समधला ह्यूगेनॉट सरदार होता. १६८५ साली राजाच्या सैनिकांना चुकवून तो दारूच्या रिकाम्या पिंपात लपला, पिंप जहाजावर चढलं आणि अशा रीतीनं तो अमेरिकेला आला. खाली एक रंगीत कुलचिन्हही चिकटवलेलं होतं, सिंह आणि तीन तारे. ह्यूगेनॉटांच्या वंशजांची जी मंडळं इथे आहेत, त्यांतल्या एकाचं सभासद व्हावं अशी वडिलांची फार इच्छा होती. त्यासाठी दर पिढीचा लेखी पुरावा द्यावा लागतो. त्यांचा अर्ज दोनदा परत आला, कारण मधली एक पिढी जुळत नव्हती. तिसऱ्या अर्जाची तयारी करता करता ते गेले.

"माझ्यानंतर हे खोकं कुणी उघडणार नाही," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. मी खोकं घरी घेऊन आले.

आधी मला ह्यूगेनॉट म्हणजे कोण इथपासूनच सुरुवात करावी लागली. शाळेत युरोपचा इतिहास होता, पण तो परीक्षेपुरता. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये ज्यांनी कॅल्व्हिनचा प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला ते ह्यूगेनॉट. धर्मयुद्धांत रक्ताचे पाट वाहिल्यावर १५९८ साली चौथ्या हेन्री राजानं नांतचं फर्मान काढून त्यांना उपासनेची मुभा दिली. त्याचा नातू चौदावा लुई. त्यानं ती मुभा हळूहळू कुरतडत नेली आणि ऑक्टोबर १६८५ मध्ये फर्मानच रद्द केलं. त्याच्या आधीपासून प्रॉटेस्टंटांच्या घरात घोडदळाचे शिपाई मुक्कामाला घालत. घरच्यांनी त्यांना पोसायचं, त्यांचा धिंगाणा सोसायचा आणि कंटाळून धर्म बदलायचा, अशी ती योजना. देश सोडून जायलाही बंदी. पळताना पकडलेल्या पुरुषाला गॅली जहाजावर वल्ही मारायला धाडत आणि बाईला मठात कोंडत. तरीही दीड-दोन लाख माणसं पळाली. बहुतेक हॉलंड, इंग्लंड, स्वित्झर्लंड आणि जर्मन संस्थानांत गेली. अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलेली थोडी, काही हजारच. बॉस्टन, न्यूयॉर्क, चार्ल्स्टन, पुढे १७०० साली व्हर्जिनियातलं मॅनकिनटाऊन.

आता मूळपुरुषापासून खाली यायचं की आपल्यापासून वर जायचं? वडिलांनी वरून सुरुवात केली होती. पुस्तकात आपल्या आडनावाचा माणूस सापडला की त्याला पूर्वज मानायचं आणि मग खाली स्वतःपर्यंत शिडी लावायची. हिशेबात याला चालत नाही म्हणतात. शेवटची शिल्लक हातात धरून पावत्या मागे मागे लावत जायचं असतं. मी विहीणबाईंच्या जन्मदाखल्यापासून सुरू केलं.

पहिली दीडशे वर्षं भराभर गेली. १८५० पासूनच्या शिरगणतीत घरातल्या प्रत्येकाचं नाव असतं, त्यामुळे आई-बाप-मुलं एकत्र सापडतात. त्याआधीच्या म्हणजे १७९० ते १८४० च्या शिरगणतीत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बाकीचे सगळे नुसते आकडे, इतके पुरुष, इतक्या बायका. तिथून पुढे चर्चच्या वह्या, जमिनीची खरेदीखतं आणि मृत्युपत्रं यांवर भिस्त. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला गेलं की तीर्थोपाध्ये गाव आणि आडनाव विचारून वही काढतात आणि पणजोबांची सही दाखवतात. इथे तसा एकच उपाध्याय नाही, पन्नास ठिकाणी फिरावं लागतं. एका गोष्टीनं मात्र मला फार बरं वाटलं. न्यूयॉर्क भागातल्या जुन्या डच चर्चच्या नोंदीत बाप्तिस्म्याच्या वेळी आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट लिहीत. त्या एका रिवाजामुळे किती तरी कुटुंबांच्या आजोळच्या शाखा वाचल्या आहेत. माझ्या माहेरच्या कुलवृत्तांतात बायकांची माहेरं आहेत, पण मुलींच्या पुढे 'सौ.' आणि सासरचं गाव लिहिलं की संपलं, जणू मुलगी तिथे पोचली आणि विरघळली.

आडनावाचा घोळ हा स्वतंत्र विषय. विहीणबाईंचं माहेरचं आडनाव आज ऐकलं तर कुणालाही पक्कं इंग्रजी वाटेल. (कुटुंब हयात आहे म्हणून इथे देत नाही.) मला ते सात वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं सापडलं. फ्रेंच माणूस आपलं नाव सांगतो, डच कारकून ऐकतो आणि इंग्रज कारकून त्याची नक्कल करतो, मग दुसरं काय होणार? आपल्यातल्या किती जणांची आडनावं इमिग्रेशनच्या खिडकीवर अर्धी झाली ते आठवा. प्रसिद्ध माणसंही यातून सुटली नाहीत. क्रांतियुद्धातला घोडेस्वार पॉल रिव्हिअर याचा बाप अपोलोस रिव्हॉयर. लहान वयात एकटा बॉस्टनला आला आणि जॉन कोनी नावाच्या चांदीच्या कारागिराकडे उमेदवारीला राहिला. लोकांना उच्चार जमेना म्हणून तो रिव्हिअर झाला. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या नावातलं 'डेलानो' म्हणजे १६२१ साली प्लिमथला उतरलेल्या फिलिप द ला नॉयचं. कुलचिन्हाचा निकाल मात्र मी पहिल्याच आठवड्यात लावला. आडनावाला कुलचिन्ह नसतं, ते विशिष्ट माणसाला मिळालेलं असतं. आणि नावात 'द' आला की सरदार, हाही भ्रमच. गेल्या शतकाच्या सुरुवातीला स्टेटन आयलंडवर गुस्ताव आंजू नावाचे एक गृहस्थ श्रीमंतांना हव्या तशा वंशावळी रचून विकत होते. त्यांच्या बनावट पिढ्या अजून लोकांच्या भिंतींवर टांगलेल्या आहेत. विहीणबाईंचा सिंह कुणी विकला कोण जाणे, पण होता तो दुकानातलाच.

शेवटी येऊन अडलं ते बरोबर वडिलांचं अडलं होतं तिथेच. माणसं न्यू रोशेलची. हे गाव न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला. १६८९ साली जॉन पेल यानं सहा हजार एकर जमीन ह्यूगेनॉटांसाठी जेकब लाइस्लर याला विकली आणि वर शंभर एकर चर्चसाठी दिली. करारात एक अट अशी की, मागितल्यास दर वर्षी २४ जूनला एक धष्टपुष्ट वासरू पेलच्या घराण्याला द्यायचं! गावाचं नाव ठेवलं ते सोडून आलेल्या ला रोशेल बंदरावरून. या गावात मूळपुरुष आणि त्याचा भाऊ असे दोघे. दोघांनी आपल्या थोरल्या मुलाला आपल्या वडिलांचं नाव दिलं. म्हणजे एकाच गावात, एकाच वयाचे, एकाच नावाचे दोन चुलतभाऊ. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तेच, आणि घोटाळाही तोच.

कागद दोन होते. एक ऑक्टोबर १७१० चं दानपत्र. मूळपुरुषानं मुलाला जमीन दिलेली, त्यावर मुलाची आणि सुनेची खूण. ही सून म्हणजेच विहीणबाईंची पूर्वज आजी, याबद्दल शंका नव्हती. दुसरा कागद फेब्रुवारी १७१० चा. त्याच मुलाच्या विधवेला त्याच्या मालमत्तेचा कारभार सोपवल्याची कोर्टाची नोंद. वडिलांनी समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मेलेला माणूस आठ महिन्यांनी सही कशी करेल?' मग त्यांनी दानपत्र चुलतभावाचं ठरवलं आणि सगळी शिडी कोसळली.

मी या दोन कागदांवर दीड महिना घालवला. आणि एका सकाळी चहा गाळताना लख्ख डोक्यात आलं. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींमध्ये १७५२ पर्यंत कायद्याचं नवं वर्ष जानेवारीत सुरू होतच नसे, ते सुरू व्हायचं २५ मार्चला! म्हणजे त्यांचा फेब्रुवारी १७१० हा ऑक्टोबर १७१० च्या नंतरचा, आपल्या हिशेबानं फेब्रुवारी १७११. आपल्या वह्या दिवाळीत बदलतात, सरकारी वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि कॅलेंडर जानेवारीत. हे तिन्ही सांभाळत वाढलेल्या मला एवढं कळायला दीड महिना लागावा! बाप जमीन देतो, चार महिन्यांनी मुलगा मरतो, तरुण विधवा दुसरं लग्न करून मुलांना घेऊन शेजारच्या गावी जाते, म्हणून मुलांच्या पुढच्या नोंदी न्यू रोशेलला सापडत नाहीत. सगळं जागच्या जागी बसलं. मी विहीणबाईंना फोन केला तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "बाबा फक्त एका वर्षानं चुकले."

त्या आनंदात आम्ही दोघी न्यू पाल्ट्झला जाऊन आलो. हडसनच्या पश्चिमेला, न्यूयॉर्कपासून दीड-दोन तासांवर. १६७७ साली बारा ह्यूगेनॉट पुरुषांनी तिथल्या इसोपस लोकांकडून जमीन घेतली, गव्हर्नर अँड्रॉसकडून सनद मिळवली आणि पुढच्या वर्षी वस्ती केली. ड्यूबॉय, हॅसब्रूक, डेयो, बेव्हिएर, लफेव्हर, फ्रीअर, क्रिस्पेल ही त्यांची घराणी. अमेरिकेला येण्याआधी काही वर्षं ते जर्मनीत फाल्झ प्रांतात आसऱ्याला होते, म्हणून गाव न्यू पाल्ट्झ. अठराव्या शतकातली त्यांची दगडी घरं ह्यूगेनॉट स्ट्रीटवर अजून उभी आहेत. जीन हॅसब्रूकच्या घराचं ते उतरतं उंच छप्पर बघून मला कोकणातल्या माळ्याच्या घरांची आठवण झाली. तिथल्या चर्चच्या वह्या आधी फ्रेंचमध्ये, मग डचमध्ये आणि मग इंग्रजीत. ते वाचून मी आमच्या नातवाला मराठी शाळेत नेण्याचा रविवारचा वेळ अर्ध्या तासानं वाढवला, पण ते असो.

गाइड मुलगी चांगली होती. तिनं आम्हाला एका घराच्या तळघरात नेलं, चूल दाखवली आणि सांगितलं की या घरांतून आफ्रिकन गुलाम राबत असत, आणि असल्या तळघरांतच राहत. लुई ड्यूबॉयनं १६७४ सालीच दोन माणसं विकत घेतली होती. याच परगण्यात १७९७ च्या सुमाराला गुलामीत जन्मलेली सोजर्नर ट्रुथ लहानपणी फक्त डच बोलायची आणि ड्यूमाँट आडनावाच्या मालकाच्या घरातून ती १८२६ साली निघून गेली. विहीणबाई ऐकत होत्या. बाहेर उन्हात आल्यावर म्हणाल्या, "आमचे लोक असे जमीनदार नव्हते. न्यू रोशेलची साधी माणसं." मी मान डोलावली.

मूळपुरुष साधा होता हे खरंच निघालं. लंडनच्या फ्रेंच चर्चच्या जुन्या वह्या तिथल्या ह्यूगेनॉट सोसायटीनं शंभरेक वर्षांपूर्वी छापल्या आहेत. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्या चाळताना तो सापडला. गाव ला रोशेलजवळचं आणि धंदा पिंपं बनवण्याचा! मीठ, दारू आणि ब्रँडीच्या त्या बंदरात या कारागिरांना काय तोटा? पिंपात लपणारा सरदार हा मुळात पिंपांना पट्ट्या ठोकणारा माणूस. विहीणबाई इतक्या हसल्या की मला त्यांच्या टाक्यांची काळजी वाटली.

पण नोंद तेवढीच नव्हती. लंडनच्या फ्रेंच चर्चमध्ये 'रेकोनेसान्स' नावाचा एक विधी असे. फ्रान्समध्ये भीतीपोटी ज्यांनी धर्म सोडल्याची सही केली किंवा कॅथलिक मासला हजेरी लावली, त्यांनी इथे पोचल्यावर भर मंडळीत उभं राहून आपली चूक कबूल करायची आणि मग त्यांना परत घ्यायचं. हजारोंनी ती केली. मूळपुरुषाचं नाव त्यांत होतं. म्हणजे शिपाई दारात आले तेव्हा तो वाकला होता, दीडएक वर्ष वाकून राहिला होता आणि मग बायकोला घेऊन पळाला होता. विहीणबाईंना हे थोडं लागलं. वडिलांच्या कागदावर 'त्यानं श्रद्धा क्षणभरही सोडली नाही' असं वाक्य होतं. मला मात्र पहिल्यांदाच तो माणूस ओळखीचा वाटला. घरात परके शिपाई आणि पाळण्यात मूल असताना कोण सही करणार नाही?

एवढ्यावर थांबले असते तरी अर्ज पुरा होत होता. पण हिशेब तपासणाऱ्याला मूळ पावती बघितल्याशिवाय चैन पडत नाही. न्यूयॉर्कच्या जुन्या मृत्युपत्रांचे गोषवारे तिथल्या हिस्टॉरिकल सोसायटीनं अनेक खंडांत छापले आहेत आणि बहुतेक लोक त्यावरच भागवतात. गोषवारा म्हणजे गोषवाराच, गाळायचं ते गाळलेलं. मी मूळ कागदाची प्रत मिळवली आणि बरोबर मालमत्तेची यादीही आली. शेजाऱ्यांनी घरात फिरून केलेली ती यादी. बिछाने, तांब्याची भांडी, फ्रेंच बायबल आणि स्तोत्रांचं पुस्तक, दोन गायी, पिंपं बनवायची हत्यारं एकेक करून, अगदी मोडका रंधासुद्धा. शेवटून दुसऱ्या ओळीत, 'एक निग्रो मुलगी'. पुढे किंमत. घरातल्या सगळ्या सामानसुमानाची मिळून होत नव्हती इतकी. नाव नाही. वय नाही.

नंतर बघितलं तर १६९८ च्या शिरगणतीत न्यू रोशेलमध्ये जवळजवळ दर पाचांत एक माणूस गुलाम होता. जे स्वतः गॅलीच्या साखळ्या चुकवून आले, त्यांच्याच गावात.

माझं चुकलं ते इथे. रात्रीचे नऊ वाजले होते, मी तशीच फोन उचलला आणि एखादी चुकीची बेरीज सापडल्याच्या उत्साहात त्यांना सांगून टाकलं. पलीकडून "ओह" एवढंच आलं. त्यानंतर तीन आठवडे फोन नाही. सून म्हणाली, "आई, तुम्ही आधी मला सांगायला हवं होतं." मुलगा काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा बोलला. परक्या घराण्याच्या माळ्यावर चढून आपण काय काढून आणलं, असं मला झालं. आपल्या घराण्यांच्या वतनांच्या कागदांत कुणाकुणाची वेठ दडलेली असेल, ते काढायला मी कधी गेले होते का?

चौथ्या आठवड्यात विहीणबाई स्वतःच आल्या, हातात सफरचंदाचा पाय. कोट काढायच्या आधी विचारलं, "त्या मुलीचं पुढे काय झालं?"

आम्ही दोघींनी मिळून शोधलं. मृत्युपत्राप्रमाणे ती विधवेकडे गेली. पुढे एका मुलीच्या हिश्शात 'निग्रो बाई' येते, ती हीच असेल किंवा नसेल. न्यूयॉर्क राज्यानं टप्प्याटप्प्यानं मुक्तीचा कायदा केला १७९९ मध्ये आणि गुलामी पुरती संपली ४ जुलै १८२७ ला; तिला त्याचा काय उपयोग? शंभर वर्षांचा फरक. हिवाळाभर आम्ही बाप्तिस्म्याच्या वह्या, शेजाऱ्यांची मृत्युपत्रं सगळं पालथं घातलं. तिचं नाव काही आमच्या हाताला लागलं नाही.

अर्ज गेला आणि मंजूरही झाला. अर्जाच्या छापील रकान्यांत त्या मुलीसाठी जागा नव्हती. विहीणबाईंनी वेगळा कागद जोडला आणि यादीची प्रतही लावली. मंडळाकडून आलेल्या पत्रात त्या कागदाबद्दल काही उल्लेख नव्हता, प्रमाणपत्र मात्र छान जाड कागदावर आलं. त्यांनी ते भिंतीवर लावलं नाही. वडिलांचा कागद फाडलाही नाही. त्याच्या मागे स्वतःच्या अक्षरात लिहिलं की, तो पिंपं बनवायचा, भीतीनं मासला गेला, लंडनला उभं राहून माफी मागितली आणि त्याच्या घरात एक मुलगी होती जिचं नाव कुणी लिहिलं नाही. तारीख घातली, सही केली आणि खोकं परत माझ्याकडे दिलं. "पिंपाची गोष्ट मुलांना सांगायला हरकत नाही," म्हणाल्या, "पण दोन्ही बाजू वाचून दाखवा."

मी परवा नातवाला दोन्ही बाजू वाचून दाखवल्या. त्यानं मुलीबद्दल बरेच प्रश्न विचारले, त्यांतल्या निम्म्यांची उत्तरं मला देता आली नाहीत. मग म्हणाला, "आजी, तू पण पिंपातून आलीस?"

"नाही रे, आम्ही एअर इंडियानं आलो."

"पुरावा आहे?"

तेव्हापासून मी माझा पहिला पासपोर्ट शोधते आहे.